नोंद सापडली नाही: नौपाड्यातल्या पार्किंगच्या प्रकल्प नोंदी

७ जून २०२५, शनिवार

सोसायटीच्या कमिटीने काम गळ्यात मारलं: पार्किंग कोणाला, ते ठरवायचं. ३६ फ्लॅट, स्टिल्टमध्ये १९ जागा. दरवर्षी चिठ्ठ्या टाकतो, पण चिठ्ठीत नाव कोणाचं टाकायचं यावरूनच निम्मी एजीएम जाते. नियम अकरा वर्षांच्या ठरावांत विखुरलेले, आणि ते पाठ असलेला माणूस एकच: सेक्रेटरी काका. ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाला, कर काहीतरी, म्हणजे मला शिव्या पडणार नाहीत." (आता मला पडतील.)

एक्सेल टाळलं, प्रोलॉग ही प्रोग्रॅमिंगची भाषा घेतली. ठरावात जसं वाक्य आहे तसाच नियम लिहायचा, उत्तर कसं शोधायचं ते मशीनने बघायचं. १९७२ च्या सुमारास मार्सेयला कोल्मराउअर आणि रुसेल यांनी ही भाषा फ्रेंच वाक्यं समजून घ्यायला बांधली. आपण ठराव क्रमांक ७ समजून घ्यायला वापरतोय, चालायचंच.

पहिला नियम:

पात्र(_स) :- सदस्य(_स), गाडी(_स), \+ थकबाकीदार(_स).

:- म्हणजे "जर", स्वल्पविराम म्हणजे "आणि", _स म्हणजे कोणीही एकजण (व्हेरिएबल). प्रोलॉगमध्ये व्हेरिएबल कॅपिटल अक्षराने सुरू होतं. देवनागरीत कॅपिटल नाही, त्यामुळे पुढे अंडरस्कोर. बाकी एसडब्ल्यूआय प्रोलॉगने (मी वापरतो ती प्रोलॉगची आवृत्ती) मराठी नावं काना-मात्रेसकट मुकाट गिळली. \+ म्हणजे "सिद्ध करता येत नाही". आज रात्री मी ते "नाही" असं वाचलं. ती चूक पुढे महागात पडली, म्हणून इथे मागाहून खूण करून ठेवतोय.

८ जून

नियमातल्या अटींचा क्रम सहज बदलला, \+ थकबाकीदार(_स) पुढे आणला. एकही माणूस पात्र नाही! अर्धा तास डेटा तपासला. डेटा ठीक होता. _स कोण ते अजून ठरलेलंच नसताना प्रश्न असा होतो: "कोणीतरी थकबाकीदार आहे असं सिद्ध होतं का?" एकजण आहे. झालं, अट सगळ्यांसाठी पडली. एकाने पैसे थकवले म्हणून सगळी बिल्डिंग रस्त्यावर.

तर्कशास्त्रात "अ आणि ब" म्हणजेच "ब आणि अ". प्रोलॉगमध्ये नकार आला की ते तसं राहत नाही. काय हवं तेवढं सांगा म्हणणारी भाषा, पण रांगेत कोण पुढे हे तिला सांगावंच लागतं.

१४ जून

रजिस्टरं भरून झाली. कॉलेजातली मैत्रीण ऐरोलीला राहते, शनिवारी ट्रान्स-हार्बरने येते. ती पावत्या वाचते, मी टाइप करतो. थकबाकीदार कोण हे असं लिहिलं:

थकबाकीदार(_स) :- सदस्य(_स), तिमाही(_त), \+ पावती(_स, _त).

म्हणजे ज्याची एखाद्या तिमाहीची पावती नाही तो थकबाकीदार. ठरावातही शब्दशः हेच आहे. यादी छापली, काकांनी लिफ्टशेजारी लावली. नऊ थकबाकीदार.

२१ जून

३०४ च्या आजी आल्या. दुधाची रिकामी पिशवी, त्यात घडी घातलेला कागद, आणि त्या कागदात आणखी एक कागद. पावती क्रमांक ४१७, निळ्या कार्बनची, जुलै ते सप्टेंबर २०२३, खाली काकांचीच सही. टेबलावर ठेवली आणि एवढंच म्हणाल्या, "तीस वर्षांत एकदा तरी उशीर झालाय का, विचार यांना." काका जमिनीकडे बघत होते. आजोबा आलेच नाहीत. लिफ्टशेजारी आपलं नाव बघून ते दोन दिवस खाली उतरले नव्हते, हे नंतर वॉचमनने सांगितलं.

२०२३ चं एक पावती पुस्तक पावसात भिजून पानं चिकटलेली. आम्ही जेवढी उघडली तेवढी टाइप केली. नऊपैकी सात जण त्या चिकटलेल्या पानांत होते. यादी काढली, आजींची माफी मागितली. चहा न घेताच गेल्या.

२२ जून

झोप नाही, म्हणून वाचन.

प्रोलॉगच्या या नकाराला कीथ क्लार्कने १९७८ मध्ये पाया दिला. त्याचं म्हणणं असं की तुम्ही लिहिता "जर", पण वाचायचं "जर आणि तरच". टाइप केलेल्या पावत्या म्हणजे जगातल्या सगळ्या पावत्या, त्यापलीकडे काही नाही. त्याच साली रेमंड रायटरने याच वृत्तीला "बंद जग" असं नाव दिलं. रेल्वेच्या वेळापत्रकासाठी हे चोख आहे: ठाण्याहून पनवेलला अमुक वेळेची गाडी छापलेली नाही, म्हणजे ती नाही. वेळापत्रक छापणाऱ्याने सगळ्या गाड्या छापायची हमी घेतलेली असते. आमच्या भिजलेल्या पुस्तकाने कसलीही हमी घेतली नव्हती, मी ती त्याच्या नावावर परस्पर घेतली.

मैत्रिणीचा फोन. तिचं म्हणणं, टक्के लाव: "३०४ थकबाकीदार असण्याची शक्यता दहा टक्के." मी म्हटलं, आजींना हे तू सांग. थट्टा सोडली तरी मला ते पटत नाही. झाडेहने १९६५ मध्ये फझी संच मांडले ते "उंच", "गरम" असल्या शब्दांसाठी, जिथे गोष्टच कमीजास्त असते. पैसे भरणं कमीजास्त नसतं. भरलेत किंवा नाही भरलेत. कमी पडतेय ती आमची माहिती. आणि संभाव्यता म्हणायची तर आकडा आणायचा कुठून?

हवं आहे ते वेगळंच: दोन प्रकारचे नकार. एक "सापडलं नाही" आणि दुसरा "नाही हे सापडलं". तर्कज्ञ नेल्सनने १९४९ मध्ये हा दुसरा नकार मांडला होता: एखादी गोष्ट खोटी म्हणायची तर तिच्या खोटेपणाचा वेगळा पुरावा हवा, खरेपणाचा पुरावा मिळाला नाही एवढ्यावर भागत नाही. गेल्फाँड आणि लिफ्शिट्झ यांनी १९९० च्या आसपास हे दोन्ही नकार एकाच प्रोग्रॅममध्ये आणले. क्लिंगो नावाच्या प्रोग्रॅममध्ये (नियम दिले की ते सगळे पाळणारी उत्तरं शोधून देतो) ते आयते मिळतात. फक्त क्लिंगोला मराठी नियमनावं चालत नाहीत, म्हणून रोमन करून देणारी छोटी स्क्रिप्ट लिहिली. इथे मराठीतच लिहितो. "ना" म्हणजे सापडलं नाही, आणि पुढची वजाची खूण म्हणजे नाही हे सापडलं.

-थकबाकीदार(_स) :- खाते_तपासले(_स), बाकी(_स, ०).
विचारा(_स) :- सदस्य(_स), ना थकबाकीदार(_स), ना -थकबाकीदार(_स).

शेवटची ओळ मला सगळ्यात आवडते. दोन्ही बाजूंनी काही हाती नाही, तर जाऊन विचारा. ३०४ ची बेल वाजवायची होती, आपण नोटीस लावली.

२९ जून, रविवार

मराठी ग्रंथसंग्रहालयात दुपार गेली. १८९३ ची संस्था, आणि आज बाहेर पाऊस असा की वाचण्यावाचून इलाज नव्हता. अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह काढला, न्यायदर्शनाची ओळख करून देणारा जुना संस्कृत ग्रंथ. संस्कृत यथातथाच, पण मराठी टीका होती.

"अभाव" (नसणं) हा अन्नंभट्टाकडे सातवा पदार्थ, म्हणजे जगातल्या गोष्टींचा सातवा वर्ग आहे, आणि त्याचे चार प्रकार. प्रागभाव: घडा अजून घडलेला नाही. प्रध्वंसाभाव: होता, फुटला. अत्यंताभाव: वाऱ्याला रूप नाही, कधीच नव्हतं. अन्योन्याभाव: घडा म्हणजे कापड नव्हे. मी आमच्या तक्त्यातला "गाडी" हा रकाना डोळ्यांसमोर आणला. २०१ ने गाडी बुक केलीय, दिवाळीत येणार. ४०३ ने विकली. १०२ च्या आजींनी आयुष्यात गाडी घेतली नाही. आमच्याकडे तिघांपुढेही तोच रिकामा चौकोन.

पण खरी गंमत प्रमाणांच्या, म्हणजे ज्ञान मिळवायच्या साधनांच्या वादात आहे. जमिनीवर घडा नाही हे कळतं कसं? भाट्ट मीमांसक आणि अद्वैती म्हणतात, "अनुपलब्धी" (न सापडणं) हे त्यासाठी स्वतंत्र प्रमाण आहे, सहावं. नैयायिकांना (न्यायदर्शनवाल्यांना) हे वेगळं प्रमाण मान्य नाही. ते म्हणतात, अभाव प्रत्यक्षानेच कळतो, अनुपलब्धी नुसती मदतीला असते. भांडण मोठं आहे, पण एका अटीवर दोघंही येतात: न दिसणं "योग्य" हवं. म्हणजे घडा असता तर तो दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. उजेड हवा, डोळे उघडे हवेत, वस्तू दिसण्यासारखी हवी. अंधारात घडा दिसला नाही, तर त्यावरून काहीच ठरत नाही. पिशाच दिसलं नाही म्हणूनही काही ठरत नाही, कारण ते असतं तरी दिसलं नसतं.

चिकटलेली पानं म्हणजे अंधार.

लगेच ताळ्यावर येतो. म्हणजे आपल्याकडे प्रोलॉग आधीच होतं वगैरे म्हणायची सोय नाही. त्यांचा प्रश्न माणसाला ज्ञान कसं होतं हा होता, क्लार्कचा प्रश्न शोध हरला तर काय निष्कर्ष काढायचा हा. पण "योग्य" हा एक शब्द मला माझ्या प्रोग्रॅममध्ये हवा आहे. बंद जग सरसकट धरायचं नाही. कुठला रकाना बंद आणि कुठला उघडा, हे एकेका रकान्यापुरतं कोणीतरी सही करून सांगायचं.

६ जुलै, आषाढी

साबुदाण्याची खिचडी आणि रकान्यांची यादी. काकांबरोबर एकेक बसून ठरवलं.

सदस्य: बंद. शेअर सर्टिफिकेटचं रजिस्टर पूर्ण आहे, त्यात नाही तो सदस्य नाही.
गाडी: उघडा. लोक सांगत नाहीत.
पावती, एप्रिल २०२४ पासून: बंद. ऑनलाइन भरणा, बँकेचं स्टेटमेंट आहे.
पावती, त्याआधीची: उघडा.

काका म्हणाले, "मग त्याआधीचं कोणाचंच कळणार नाही." मी म्हटलं, कळत नव्हतंच काका, आपण कळल्यासारखं करत होतो. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

बंद रकान्यासाठी एकच ओळ पुरते: -पावती(_स, _त) :- सदस्य(_स), बंद_तिमाही(_त), ना पावती(_स, _त). सापडलं नाही यावरून नाही म्हणायचा परवाना, आणि तो फक्त बंद तिमाहीपुरता.

१२ जुलै

२०१९ चा ठराव: "दुसरी जागा ज्यांना दुसरी जागा मिळालेली नाही अशाच अर्जदारांस द्यावी." लिहिला:

दुसरी(_स) :- अर्ज(_स), ना दुसरी(_स).

क्लिंगो: उत्तर नाही. एकही नाही. मिळाली नसेल तर मिळते, मिळाली की अट मोडते. हाच नियम जुन्या प्रोलॉगला दिला तर तो स्वतःभोवती फिरत स्टॅक भरेपर्यंत थांबत नाही. एसडब्ल्यूआयमध्ये टेबलिंग (आधीचे प्रश्न तक्त्यात ठेवून फेरा ओळखायची सोय) लावून विचारलं तर तो शांतपणे "अनिर्णित" म्हणतो आणि कुठल्या नियमाचं भांडण उरलंय ते छापतो. ही व्हॅन गेल्डर, रॉस आणि श्लिप्फ यांची सुस्थापित अर्थपद्धती, तीन मूल्यांची: खरं, खोटं, अनिर्णित. त्याच्याही आधी १९८५ मध्ये फिटिंग या तर्कज्ञाने क्लीनी या तर्कज्ञाचं तीन मूल्यांचं तर्कशास्त्र प्रोग्रॅमना लावलं होतं.

दुसरं भांडण: २०२ आणि ५०१, उरलेली एक जागा, "त्याला नसेल तर मला" असे दोन्ही अर्ज. टेबलिंग यालाही अनिर्णितच म्हणतं. क्लिंगो मात्र दोन उत्तरं देतं: एकात २०२ ला, दुसऱ्यात ५०१ ला. माझ्या लेखी हा फरक मोठा आहे. दुसऱ्या प्रकरणात चिठ्ठी टाकता येते. पहिल्यात चिठ्ठी टाकून उपयोग नाही, ठरावच दुरुस्त करायला हवा. दोन्हींवर एकच "अनिर्णित" शिक्का मारणारं यंत्र कमिटीसारखं वागतं.

काकांना विचारलं, ठराव कशासाठी होता? "अरे, गेल्या वर्षी ज्याला मिळाली त्याला यंदा नको, एवढंच." म्हणजे "गेल्या वर्षी" हे दोन शब्द लिहायचे राहिले. दुसरी(_स, _व) आणि त्याआधीचं वर्ष असं केलं, फेरा सुटला.

१९ जुलै

संध्याकाळी सगळा प्रोग्रॅम "उत्तर नाही" म्हणू लागला. सगळ्या ३६ फ्लॅटांना. कारण १०४: खजिनदारांच्या वहीत बाकी शून्य, काकांच्या वहीत ४,२०० येणे. म्हणजे थकबाकीदार आणि -थकबाकीदार दोन्ही एकदम. अभिजात तर्कशास्त्रात (नेहमीचं, जिथे प्रत्येक विधान एकतर खरं किंवा खोटं) विसंगतीतून वाटेल ते सिद्ध होतं. क्लिंगो त्याच्या उलट टोकाला जाऊन असा संचच फेकून देतं. परिणाम तोच: तळमजल्यावरच्या दोन वह्यांचं जुळत नाही, म्हणून पाचव्या मजल्यालाही जागा नाही.

बेलनॅप या तर्कज्ञाने १९७७ मध्ये नेमक्या याच अडचणीसाठी चार मूल्यं सुचवली. कॉम्प्युटरला अनेकांनी माहिती सांगितलेली असते, तेव्हा एखाद्या गोष्टीबद्दल त्याला "हो" सांगितलेलं असेल, "नाही" सांगितलेलं असेल, दोन्ही असेल किंवा काहीच नसेल. हे शेवटचे दोन एकसारखे दिसतात आणि तिथेच घोळ होतो. "काहीच नाही" असेल तर बेल वाजवायची. "दोन्ही" असेल तर दोन वह्या एका टेबलावर आणायच्या. वजाची खूण काढून सांगितले_हो आणि सांगितले_नाही असे दोन स्वतंत्र रकाने केले, भांडण १०४ पुरतंच राहिलं.

खजिनदार आणि काका गेले आठ महिने बोलत नाहीत, हे प्रोग्रॅमला माहीत नाही. दोन्ही वह्या एका टेबलावर आणण्याचं काम माझंच.

२ ऑगस्ट

आजचा दिवस एका ओळीने खाल्ला.

मैत्रिणीने ऐरोलीत तिच्या कॉपीमध्ये साफसफाई केली. माझ्याकडे दोन ओळी होत्या (क म्हणजे ४०१, ख म्हणजे ४०२):

जागा(क) :- ना जागा(ख).
जागा(ख) :- ना जागा(क).

तिने एक केली: जागा(क) ; जागा(ख). क किंवा ख. चालवून पाहिलं, तीच दोन उत्तरं. बरोबरच की.

मग ४०१ आणि ४०२ चा अर्ज आला. बाप-लेक आहेत, गाड्या एकामागे एक लावतील, एकाला मिळाली तर दुसऱ्यालाही द्या. दोघांनी आपापल्या कॉपीत त्याच दोन ओळी घातल्या: क ला तर ख ला, ख ला तर क ला. तिच्याकडे उत्तर आलं: दोघांना. माझ्याकडे: उत्तर नाही. फोनवर पाऊण तास, "तुझी फाइल पाठव", "नाही, तू तुझी पाठव". व्हर्जन तेच, डेटा तोच.

उत्तर सापडलं ते हेटिंग या तर्कज्ञाने १९३० मध्ये वापरलेल्या एका छोट्या तर्कशास्त्रात. त्यात दोन जगं: "इथे" आणि "तिथे". तिथे म्हणजे आपण शेवटी खरं धरून चाललोय ते सगळं. इथे म्हणजे त्यातलं आत्तापर्यंत ज्याला आधार मिळालाय ते. इथे असलेलं तिथे असतंच, उलट नाही. आणि "नाही" म्हणायचं तर ती गोष्ट तिथेही असता कामा नये. इथे नाही, तिथे आहे, अशा गोष्टीबद्दल "आहे" म्हणता येत नाही आणि "नाही"ही म्हणता येत नाही. "एकतर आहे किंवा नाही" हा नियम इथे लागू नाही. अभिजात तर्कशास्त्राच्या बरोबर एक पायरी खाली. अंतर्ज्ञानवादी तर्कशास्त्रापासून (जिथे सिद्ध केल्याशिवाय काही खरं म्हणत नाहीत) वर चढत आलं, तर या पायरीच्या आणि अभिजातच्या मध्ये दुसरं काही बसतच नाही.

आता ही जोडी घेऊ: इथे काहीच नाही, तिथे क आणि ख दोन्ही. माझ्या दोन ओळी काय मागतात? "ख नाही" खरं असेल तरच क द्या. ख तिथे आहे, म्हणून "ख नाही" खोटं. ओळ काहीच मागत नाही. दुसरीही तशीच. जोडी पास. मैत्रिणीची ओळ मागते की क किंवा ख, दोघांपैकी एक इथे हवाच. इथे रिकामं. जोडी नापास.

एवढाच फरक. बाप-लेकाच्या नव्या ओळींनाही रिकाम्या "इथे"बद्दल तक्रार नाही. त्यामुळे माझ्या कॉपीत "दोघांना" हे उत्तर हवेत लटकतं, आधार शून्य असूनही सगळे नियम गप्प बसतात, आणि असं उत्तर स्थिर मानत नाहीत. तिच्या कॉपीत आधाराशिवाय भागत नाही, म्हणून ते टिकतं. डेव्हिड पिअर्सने १९९६ मध्ये दाखवलं की गेल्फाँड-लिफ्शिट्झची १९८८ ची स्थिर उत्तरं (क्लिंगो देतं ती) म्हणजे या तर्कशास्त्रातली समतोल अवस्था. २००१ मध्ये लिफ्शिट्झ, पिअर्स आणि व्हाल्व्हेर्दे यांनी पुढचं सिद्ध केलं: दोन प्रोग्रॅमांत पुढेमागे काहीही घाला, उत्तरं सारखीच येतील, अशी खात्री तेव्हाच असते जेव्हा दोघांच्या सगळ्या इथे-तिथे जोड्या सारख्या असतात. आज उत्तरं जुळली म्हणून उद्याही जुळतील असं नाही.

मैत्रिणीला जोडी सांगितली. ती कागदावर करून बघत होती, मागे कुकरची शिट्टी ऐकू येत होती. मग म्हणाली, "म्हणजे माझी साफसफाई बरोबर होती, तुझ्या दोन ओळी चुकीच्या." आहे खरं तसं. ठराव "दोघांपैकी एकाला तरी" असाच आहे. तिची ओळ ठेवली.

३ ऑगस्ट

लिनिअर तर्कशास्त्राचा मोह झाला. जिरारने १९८७ मध्ये मांडलं: गृहीतक वापरलं की संपतं, एक जागा दोनदा देता येत नाही. होडास आणि मिलर यांनी त्यावर लॉली नावाची भाषाही केली. पण १९ च्या वर जाऊ नका हे क्लिंगोला एका ओळीत सांगता येतं. डास मारायला तोफ नको. सोडलं.

१७ ऑगस्ट, रविवार

काल दहीहंडी, नौपाड्यात स्पीकर बारापर्यंत, काम शून्य. आज सकाळी नवी यादी. चार रकाने: तपासलं, बाकी नाही. तपासलं, बाकी आहे. दोन वह्या जुळत नाहीत. अजून कळलेलं नाही. दुसऱ्या रकान्यात दोनच नावं, दोघांनाही आधी घरी जाऊन सांगितलं. शेवटच्यात पाच. लिफ्टशेजारी फक्त पहिला रकाना लावला, बाकीचे काकांच्या ड्रॉवरमध्ये.

काकांनी मोटारसायकलींचं रजिस्टर नव्याने आखलंय. पूर्वी गाडी नसलेल्यांपुढे कोरं सोडायचे. आज तीन ओळींत त्यांच्या तिरक्या अक्षरात "पाहिले, नाही" असं लिहिलेलं दिसलं, पुढे तारीख. १०३ पुढे कोरंच आहे. विचारलं तर म्हणाले, "ते लोक गावाला गेलेत. आल्यावर बघतो."